डंडॅस ते ब्रॅडफर्ड: नॅरोबोटीचं सुकाणू पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या कालव्यात दिवसभरासाठी बोट भाड्याने घेऊन ती स्वतः चालवता येते आणि त्यासाठी ना परवाना लागतो ना अनुभव, हे सांगितलं की बहुतेकांचा विश्वास बसत नाही. गाडी भाड्याने देताना कागदांचा ढीग मागणारा हा देश काही टन वजनाची पोलादी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांसाठीची अरुंद, लांब बोट, अर्ध्या-पाऊण तासाच्या शिकवणीवर तुमच्या ताब्यात देतो. कारण ती चालत्या माणसाच्या वेगानेच जाते. या कालव्यांवर कमाल वेग ताशी ४ मैल, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर आहे. प्रत्यक्षात तेवढाही मिळत नाही. दोन-तीन मैल पडले तरी पुष्कळ.

नवशिक्यांच्या दिवसाचा विचका पावसाने क्वचितच होतो, हावेने हमखास होतो. नकाशावर दहा-बारा मैल टीचभर दिसतात आणि मग दुपारी चारला कुठल्या तरी पुलाखाली, भाडेकरार संपायला तासभर उरलेला असताना, घरातलं भांडण सुरू होतं. म्हणून पहिल्या वेळी तीन अटी पाळा: अंतर कमी, वाटेत एकही लॉक (बोटीला वरच्या किंवा खालच्या पातळीत नेणारा दारांचा पाणकप्पा) नको आणि जेवायला थांबायची जागा आधीच ठरलेली. या तिन्हींत चपखल बसणारा टप्पा केनेट अँड एव्हन कालव्यावर आहे. बाथ शहराजवळच्या डंडॅसहून निघायचं, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत जायचं आणि परत यायचं. एका बाजूचं अंतर जेमतेम साडेचार-पाच मैल.

हाच टप्पा का

रेडिंग ते ब्रिस्टल हा जलमार्ग, नद्यांचे भाग धरून, ८७ मैलांचा आहे. तो १८१० मध्ये पूर्ण झाला. तीसेक वर्षं बरी गेली, मग १८४१ मध्ये लंडन-ब्रिस्टल रेल्वे धावू लागली आणि मालवाहतूक तिकडे वळली. १८५२ मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याने घेतलेल्या मालमत्तेची जी काळजी घेतली जाते तीच घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर बराचसा भाग गाळाने आणि गळतीने बंद पडला होता. स्वयंसेवकांनी अनेक वर्षं चिखल उपसून तो पुन्हा चालू करवला आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. आज तो इथले कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे.

बाथच्या वरच्या लॉकपासून ब्रॅडफर्डच्या लॉकपर्यंत साधारण नऊ मैल पाणी एकाच पातळीत आहे. डंडॅस साधारण याच्या मधोमध. म्हणजे तिथून निघालात तर दोन्ही दिशांना लॉक न ओलांडता दिवस घालवता येतो. बाथच्या दिशेला क्लॅव्हर्टनचं १८१३ सालचं पंपघर आहे. नदीच्याच जोरावर फिरणाऱ्या पाणचक्कीने नदीचं पाणी वर कालव्यात चढवण्यासाठी ते बांधलं. त्या दिशेला बाथॲम्पटनचा आडवा फिरणारा पूल मात्र तुम्हालाच उघडून बंद करावा लागतो. माझं मत ब्रॅडफर्डच्या बाजूला आहे. बाथ पायी फिरून बघता येतं. दोन-दोन जलसेतूंवरून, म्हणजे कालवाच नदीवरून नेणाऱ्या पुलांवरून, बोट न्यायची संधी पायी मिळत नाही.

एक सूचना, कारण असे फोन येतात: हे ब्रॅडफर्ड विल्टशरमधलं छोटं गाव आहे. यॉर्कशरमधल्या मोठ्या ब्रॅडफर्डचं तिकीट काढू नका.

बोट ठरवताना

हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात लॉक आणि काठांची दुरुस्ती काढतात, त्यामुळे काही भाग बंद असतात. उन्हाळ्यातही जाण्याआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्या टप्प्याबद्दल काही सूचना लागली आहे का ते बघून घ्या. मे-जूनमधला आठवड्याचा मधला दिवस मिळाला तर सोनं. शाळांच्या सुट्टीतले शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा.

भाडं बोटीचं असतं, माणशी नसतं. त्यामुळे सहा-आठ जण जमवले की माणशी खर्च एखाद्या प्रेक्षणीय स्थळाच्या तिकिटाइतका खाली येतो. बुक करण्याआधी एवढं विचारा: इंधन धरून आहे का, अनामत किती, आत संडास आहे ना, पाऊस आला तर सगळे छपराखाली मावतील का, लाइफ जॅकेट लहान मुलांच्या मापाची आहेत का. शेवटचा प्रश्न फोनवरच विचारा, धक्क्यावर पोचल्यावर नव्हे. जॅकेट मोठं पडलं तर मूल त्यातून निसटतं.

लंडनहून बाथ स्पा स्टेशन गाडीने दीड तासाच्या आत-बाहेर. तिथून डंडॅसला बसने किंवा टॅक्सीने.

बोट ताब्यात घेताना

शिकवणीला सगळ्यांनी उभं राहायचं. एकटा "कॅप्टन" ऐकतो आणि बाकीचे डबे लावत बसतात, असं बऱ्याचदा होतं. मग दोर कुणी आणि कसा धरायचा हे ऐन वेळी कुणालाच माहीत नसतं. दोन जणांनी तरी सुकाणू शिकून घ्या, दिवसभर एकानेच उभं राहणं कंटाळवाणं असतं. शिकवणाऱ्याकडून या गोष्टी हातात घेऊन दाखवून घ्या: पुढे-मागे-न्यूट्रलचा दांडा, भोंगा, इंजिन बंद करायची पद्धत, मेखा आणि हातोडा कुठे आहेत, अडचणीत फोन कुठे करायचा. आणि नकाशावर बोट वळवायच्या जागांवर पेनाने खुणा करून घ्या. कालवा सगळीकडे बोटीच्या लांबीइतका रुंद नसतो. काठ मुद्दाम कापून रुंद केलेल्या ठरावीक जागीच, ज्यांना इथे विंडिंग होल म्हणतात, बोट उलट दिशेला फिरवता येते. लांब बोटीला जवळची जागा पुरेलच असं नाही, म्हणून "आमच्या" बोटीला कुठली चालेल, असं विचारा.

सुकाणू

नॅरोबोट २ मीटरच्या जरा वर रुंद असते, बरोबर सांगायचं तर ६ फूट १० इंच, आणि लांबी रुंदीच्या कित्येक पट. चालवणारा सर्वात मागे उभा राहतो, त्याच्या हातात टिलर नावाचा आडवा दांडा. टिलर उजवीकडे ढकलला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावीकडे जाते. कोकणात होडीचं सुकाणू धरलेल्यांना हे सांगायला नको. स्टिअरिंगची सवय असलेल्यांचा मात्र पहिली दहा मिनिटं हटकून गोंधळ उडतो. एक सूत्र घोकून ठेवा: संकट जिकडे, टिलर तिकडे. झाडावर जाताय असं वाटलं तर दांडा झाडाकडे करा, नाळ झाडापासून दूर वळेल.

दुसरं, बोट लगेच ऐकत नाही. टिलर हलवल्यावर काही क्षण काहीच होत नाही. नवा माणूस घाबरून आणखी ढकलतो, मग बोट एकदम वळते, मग तो उलटा ढकलतो आणि नागमोडी सुरू होते. थोडंसं हलवा, थांबा, नाळेकडे बघा, वळायला लागली की दांडा मध्यावर आणा. वळण पूर्ण होण्याआधी मध्यावर आणायचा, नंतर नव्हे.

तिसरी गोष्ट कुणी सहसा सांगत नाही. बोट पुढच्या टोकाने वळत नाही. ती साधारण मध्याभोवती फिरते. नाळ डावीकडे गेली की तुम्ही उभे असलेला मागचा भाग उजवीकडे बाहेर फेकला जातो, अरुंद वळणावर एसटीची शेपटी बाहेर येते तसा. म्हणून काठाला लागलेली बोट सोडवताना टिलर मारून थेट निघायचं नाही. आधी नाळ काठापासून दूर ढकलायची किंवा मागचं टोक काढून रिव्हर्समध्ये मधे यायचं, मगच पुढे.

आणि पंखा, म्हणजे बोटीला ढकलणारा पाण्याखालचा प्रॉपेलर, फिरत नसेल तर सुकाणूही चालत नाही. वेग कमी करायचा म्हणून न्यूट्रल टाकलंत की दिशेवरचा ताबा गेला. रिव्हर्समध्ये तर सुकाणू जवळजवळ शोभेचं असतं. ब्रेक नाहीत, थांबायचं तर न्यूट्रल, मग रिव्हर्स, तेही बरंच आधी.

वेग बघायला काटा नसतो. मागे वळून बघा. लाट काठावर फुटत असेल तर तुम्ही जास्त जोरात आहात. उथळ कालव्यात इंजिन जास्त ताणलं तर बोटीचं बूड खाली बसतं आणि ती उलट मंदावते, त्यामुळे घाई करून वेळ वाचत नाहीच.

समोरून बोट आली तर

रस्त्यावर इंग्लंडमध्येही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालतात. पाण्यावर उलट. समोरून बोट आली की आपण उजवीकडे सरकायचं आणि एकमेकांची डावी बाजू समोरासमोर ठेवून पार व्हायचं. फार आधी काठाकडे जाऊ नका, तिथे गाळ असतो. अंतर थोडं उरलं की हलकेच उजवीकडे आणि नाळेला नाळ भिडायच्या बेताला पुन्हा मध्याकडे. पुलाखाली एकच बोट मावते. जो पुलाजवळ आधी तो आधी. पुलाच्या कमानीत शिरताना बोट लांबूनच सरळ करून घ्या, ऐन तोंडाशी केलेली दुरुस्ती दगडावर खरडते.

या टप्प्यावर काठाला बांधलेल्या बोटींची लांबच लांब रांग असते. त्यातल्या पुष्कळ बोटी म्हणजे लोकांची घरं आहेत. कायमची जागा नसलेल्या बोटींना एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, म्हणून त्या सतत पुढे सरकत असतात. त्यांच्याजवळून जाताना इंजिन अगदी किमान गतीवर ठेवा आणि पहिल्या बोटीच्या बरंच अलीकडे ते करा. जोरात गेलात तर पाण्याच्या ओढीने त्यांचे दोर ताणतात, मेखा उपटतात आणि आतल्या गॅसवरचं भांडं कलंडतं. मग खिडकीतून जे ऐकू येतं त्याला शब्दकोश लागत नाही. हळू गेलात तर त्याच खिडकीतून हात हलतो. तुम्हीही हलवा, इथे अनोळखी माणसाला हात करणं हीच रीत आहे. गळ टाकून बसलेल्यांच्या समोरूनही हळू आणि मधून जा. लांब काठी उचलायला त्यांना वेळ द्या.

जलसेतू

डंडॅसचा जलसेतू सुरुवातीलाच येतो, हात बसायच्या आधी. घाबरू नका, तुम्हाला हळूच जायचं आहे. जॉन रेनी या अभियंत्याने तो उभारला. १७९७ मध्ये काम सुरू झालं आणि १८०५ मध्ये पूर्ण झालं. खाली एव्हन नदी आणि रेल्वेमार्ग, वर तुम्ही. नाव कालवा कंपनीचे पहिले अध्यक्ष चार्ल्स डंडॅस यांचं. १९५१ मध्ये याला संरक्षित प्राचीन स्मारकाचा दर्जा मिळाला. कालव्याच्या बांधकामाला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुलावर बोट थांबवून फोटो काढू नका, मागचे खोळंबतात. परतल्यावर पायी या, बाथच्या पिवळसर दगडाची खरी शोभा नदीकाठच्या कुरणातूनच दिसते.

चालवणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते वेगळंच. जलसेतूच्या टोकाला कालवा जवळजवळ काटकोनात वळतो आणि पलीकडचं दिसत नाही. दुसरा जलसेतू पुढे, ब्रॅडफर्डच्या अलीकडे एव्हनक्लिफला आहे, तिथे तर हे दोन्ही टोकांना आहे. वळणाच्या आधी एक लांब भोंगा द्या, एकाला नाळेवर बसवून समोरचं सांगायला लावा आणि रांगत जा. एव्हनक्लिफच्या जलसेतूची मधली कमान बांधून झाल्यावर थोड्याच काळात खचली. ती आजही वाकलेली दिसते आणि पाणी आजही वाहून नेते.

मधला लिम्पली स्टोक खोऱ्यातला भाग गर्द झाडीतून जातो. दिवसातली सगळ्यात सुंदर तासाभराची चाल हीच. पाण्यालगत निळी रेघ सर्रकन गेली तर तो खंड्याच, आपल्याकडे ओढ्यावर दिसतो त्याच जातीचा. पाणकोंबड्याही आपल्याच. मे महिन्यात पिल्लांसह हंस असतील तर त्यांना वळसा घाला, नर हंस बोटीलाही भीत नाही.

बोट बांधणं

जेवणाचा मुक्काम एव्हनक्लिफला किंवा त्याच्या जरा अलीकडे. जागा निवडताना वळण, पुलाखालची जागा, विंडिंग होल, पाण्याचा नळ आणि लॉकचा धक्का सोडून बघा. मग असं करा:

१. वेग कमी करून तिरकं काठाकडे या, नाळ आधी.
२. नाळ काठाला टेकायच्या आत रिव्हर्स देऊन थांबवा.
३. दोर हातात घेतलेल्या माणसाने पाऊल टाकून उतरायचं, उडी मारायची नाही. उतरण्याआधी दोन्हीकडे बघा: टोपाथ, म्हणजे पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांची काठची वाट, आता सायकलवाल्यांची आहे आणि ते सुसाट येतात.
४. पुढचा आणि मागचा दोर बोटीपासून दूर तिरके ताणून बांधा. काटकोनात बांधलेली बोट प्रत्येक जाणाऱ्या बोटीबरोबर पुढे-मागे आपटत राहते.

कड्या असतील तर कड्यांना बांधा. काठाला लोखंडी पत्रे ठोकलेले असतील तर बोटीतले आकडे त्यात अडकवा. मेख ठोकायची वेळ आली तर ती पाण्याच्या कडेपासून आत, मातीत ठोका. या खोऱ्यात डोंगर सरकतो, कालवा गळायचा, म्हणून पुढे काही भागात तळ आणि बाजू काँक्रीटच्या केल्या आहेत. हातोडा दणकन परत आला की दुसरी जागा शोधा. मेखेवर एखादी पांढरी पिशवी बांधा, सायकलवाल्यांना दिसावी म्हणून.

बोट आणि काठ यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीही घालायचा नाही. आपटणार असेल तर आपटू द्या. दहा-दहा टनांपर्यंतचं पोलाद पायाने अडवता येत नाही.

जेवण

एव्हनक्लिफला जलसेतूच्या बगलेत पब आहे, पण आदल्या दिवशी वेळ बघून घ्या. मी बोटीवर डबाच पसंत करतो. दशम्या, लसणाची चटणी, सुकी बटाट्याची भाजी, भडंग. बोटीत शेगडी असली तरी तळण काढू नका. जागा अरुंद, खिडक्या छोट्या. चहा मात्र पुनःपुन्हा होऊ द्या. बिअर काठावर बसून प्यायची, टिलर हातात असलेल्याने सुकाणू दुसऱ्याला दिल्यावर. कचरा परत न्यायचा. संडासात टिश्यू-वाइप्स गेले की दिवसभर सगळ्यांची पंचाईत.

आईबाबा आणि मुलं

उत्तम जागा नाळेजवळची. इंजिन मागे असल्याने तिथे पाण्याचा आणि पक्ष्यांचाच आवाज येतो. ज्येष्ठांना तिथे शाल देऊन बसवा. चढ-उतार एक-दोन उंच पायऱ्यांचा असतो आणि छप्पर ठेंगणं, तेव्हा गुडघ्यांचा आधीच विचार करा. ओढणी, पदर, लोंबते मफलर मागच्या डेकवर नको. टिलर फिरतो त्या पट्ट्यात कुणी उभं राहायचं नाही, बोट काही आपटली तर तो झटक्याने माणसाला पाण्यात लोटतो. छतावर मुलं नकोत, पूल खूपच खाली असतात.

कुणी पाण्यात पडलं तर पहिलं काम न्यूट्रल. पंखा थांबला पाहिजे. मागोमाग उडी मारू नका. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेइतका किंवा छातीइतका असतो, "उभा राहा" असं ओरडून सांगा आणि दोर टाका. पाणी तोंडात जाऊ देऊ नका, जखमा झाका, खाण्याआधी हात धुवा: मुंबईच्या पावसात ज्या लेप्टोला आपण घाबरतो तो इथल्या पाण्यातही असू शकतो.

कुणी दमलं तर सुटकेची वाट आहे. एव्हनक्लिफला रेल्वेचं चिमुकलं स्टेशन आहे. फलाटावरून हात दाखवला तरच गाडी थांबते. तिथून थेट बाथला जाता येतं.

परतीचा हिशोब

एव्हनक्लिफपासून ब्रॅडफर्ड दीड मैलाच्या आसपास. तिथे चौदाव्या शतकातलं प्रचंड दगडी धान्यकोठार कालव्यापासून दोन पावलांवर आहे. आत जाऊन लाकडी तुळयांचं छत बघाच. मग लॉकच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा. दुसऱ्यांच्या बोटी वर-खाली होताना बघणं हे लॉक शिकण्याचं सर्वात स्वस्त शिक्षण आहे.

भाड्याचा वेळ मोजून त्याचे साधारण पाचांतले दोन हिस्से संपले की, जिथे असाल तिथून पुढच्या खुणेपाशी बोट वळवायची. ब्रॅडफर्ड दिसो वा न दिसो. वळवताना नाळ कापलेल्या काठात अलगद टेकवा, टिलर पूर्ण एका बाजूला ठेवून हळूहळू पुढे-मागे करत शेपटी फिरवा. वाऱ्याविरुद्ध फिरत नसेल तर नाळेला दोर लावून दोघांनी काठावरून ओढा. भाड्याच्या बोटी अंधारात चालवायला बहुधा मनाई असते, उन्हाळ्यात ही अडचण येत नाही. उशिराचा दंड मात्र बाराही महिने असतो.

पंख्यात पिशवी किंवा दोर अडकला की बोट थरथरते आणि सुस्तावते. थोडा रिव्हर्स देऊन बघा. नाही सुटलं तर काठाला लावून बोटवाल्यांना फोन करा. पंख्यावरचं झाकण उघडायचा मोह टाळा. ते नीट परत बसलं नाही तर बोट बुडू शकते.

धक्क्यावर परतताना त्यांचा माणूस उभा असतो, त्याच्याकडे दोर फेका आणि तो सांगेल तसं करा. हे आवडलं आणि पुढच्या वर्षी आठवडाभराची बोट घ्यावीशी वाटली, तर याच कालव्यावर डिव्हायझेसला केन हिल आहे: दोन मैलांत २९ लॉक, त्यातली १६ एका रांगेत चढणावर. त्याला अर्धा दिवस आणि दंडात जोर असलेली चार माणसं लागतात. आईबाबांना वरच्या कॅफेत बसवून ठेवा.